स्टेनगनच्या मॅगझिनचे ओठ

स्टेनगन अडकली की बहुतेक वेळा बंदूक उघडून बघण्याआधी मॅगझिन काढून बघावं. दोष बहुधा तिथेच सापडतो. बंदुकीच्या डाव्या बाजूला आडवी खोचलेली ही पत्र्याची लांबट डबी. तिच्या उघड्या टोकाला दोन्ही कडांचा पत्रा आत वळवलेला असतो. काडतूस याच दोन कडांखाली दबून राहतं आणि यांच्यातूनच पुढे सरकतं. त्यांना मॅगझिनचे ओठ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात चाळीस लाखांच्या वर स्टेनगन तयार झाल्या. त्या बंदुकीवरचा सैनिकांचा विश्वास आणि अविश्वास, दोन्ही या ओठांवर अवलंबून होते.

1940 च्या उन्हाळ्यात ब्रिटिश फौज डंकर्कहून माणसं वाचवून परतली, हत्यारं मात्र फ्रान्सच्या किनाऱ्यावर राहिली. अमेरिकेची थॉम्सन बंदूक उत्तम होती, पण महाग, आणि हवी तितकी मिळत नव्हती. मेजर रेजिनाल्ड शेफर्ड आणि एनफिल्डच्या सरकारी शस्त्र कारखान्याचा आरेखक हॅरॉल्ड टर्पिन यांनी 1941 च्या सुरुवातीला नवा नमुना पुढे केला. दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं आणि एनफिल्डचं 'एन' जोडून स्टेन हे नाव झालं. एक नळी, एक जड बोल्ट, एक स्प्रिंग, थोडं वेल्डिंग, वजन तीन किलोच्या आसपास. किंमत थॉम्सनच्या तुलनेत नगण्य, सुमारे अडीच पौंड. तिचा मार्क 3 हा प्रकार तर लाइन्स ब्रदर्स या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने काढला. पत्र्याला आकार द्यायची सवय त्यांच्या कारागिरांना आधीपासूनच होती.

या काटकसरीबद्दल मला आदरच वाटतो. संकटातल्या देशाने अनावश्यक ते सगळं काढून टाकलं आणि उरलं ते चाललं. अडचण काटकसरीतून आली नाही, ती उसन्या घेतलेल्या भागातून आली. जर्मनीच्या ह्यूगो श्मायसरच्या एमपी 28 वरून ब्रिटनने लँचेस्टर ही बंदूक आरमारासाठी जवळजवळ जशीच्या तशी बनवली होती. आडव्या मॅगझिनची तीच रचना पुढे स्टेनमध्ये आली. श्मायसरचं नाव जर्मन एमपी 40 च्या मॅगझिनवरही ठोकलेलं असे, त्याच्या पेटंटमुळे. त्यावरून दोस्त सैनिक त्या अख्ख्या बंदुकीलाच 'श्मायसर' म्हणू लागले, खरं तर ती त्याची नव्हतीच. युद्धाच्या दोन्ही बाजूंना एकाच माणसाची मॅगझिन, आणि दोन्ही बाजूंना तिचा त्रास.

या मॅगझिनमध्ये 32 काडतुसं दोन ओळींत, एकाआड एक बसतात. तोंडाशी मात्र दोन ओळींची एक ओळ होते. दर्शनबारीच्या दोन रांगा एका अरुंद दारात शिरताना जे होतं, तेच इथे होतं: प्रत्येक जण शेजाऱ्याला आणि भिंतीला घासतो, मागून रेटा वाढत जातो. बंदूक सुरू झाली की हे सगळं मिनिटाला पाचशेच्या वर या वेगाने घडायचं असतं. बोल्ट मागून येतो, त्याची मॅगझिनकडची कड सर्वांत वरच्या काडतुसाच्या बुडाला लागते, ते ओठांतून सुटून चेंबरकडे जातं, उडतं. बोल्ट मागे फेकला जातो, परत पुढे येतो. सेकंदाला नऊ वेळा. बोल्ट मागे असतो तेवढ्या क्षणात आतल्या स्प्रिंगने पुढचं काडतूस ओठांपर्यंत आणून ठेवायचं असतं, आणि तेही योग्य कोनात. हा कोन 8 अंशांचा. मॅगझिन दगडावर पडून एक ओठ जरासा उघडला, तर काडतुसाचं टोक वर उचललं जातं आणि चेंबरच्या कडेवर जाऊन आदळतं. ओठ आत दबला, तर बोल्टला ते सोडवून नेता येत नाही. आणि मधल्या अरुंद जागेत वाळूचा एखादा कण शिरला, तर वर यायचं काडतूस मध्येच थांबतं. बोल्ट रिकाम्या जागेवरून पुढे जातो. समोर शत्रू असताना सैनिकाला फक्त 'खट्' एवढंच ऐकू येतं.

सैनिकांनी यावर स्वतःचे उपाय काढले. 32 ऐवजी 28 ते 30 काडतुसं भरायची, म्हणजे स्प्रिंग पुरती दबत नाही आणि वरच्या काडतुसावरचा रेटा कमी राहतो. बोटांनी भरणं इतकं अवघड की त्यासाठी वेगळं भरणयंत्र दिलेलं असे. दुसरा नियम धरण्याचा. आडवी मॅगझिन हाताला मुठीसारखी सोयीची वाटते, म्हणून नवशिका तिलाच धरून गोळी चालवतो. पण तिच्यावर हाताचा भार पडला की तिला जागेवर धरणारी कळ आणि खोबण झिजते, मॅगझिन हलू लागते, आणि तो 8 अंशांचा कोन पुन्हा बिघडतो. डावा हात पुढे, नळीभोवतीच्या भोकांच्या आवरणावर ठेवायचा हे शिकवावं लागे. तिथेही काडतुसांची टरफलं उडतात त्या खिडकीत बोट जाण्याची भीती, म्हणून मार्क 3 ला खिडकीपुढे एक छोटा अडसर जोडला गेला.

बिघाड शोधायची आर्मररची, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याची, पद्धत मला या सगळ्यात सर्वांत आवडते, कारण तिच्यात घाई नाही. एका मॅगझिनवर बंदूक अडकली तर तीच मॅगझिन दुसऱ्या बंदुकीत लावून बघायची. तिथेही अडकली तर दोष मॅगझिनचा. चार चांगल्या मॅगझिन लावूनही एकच बंदूक अडकत राहिली, तर खोबण, कळ, बोल्ट बघायचे. यासाठी प्रत्येक मॅगझिनवर खूण हवी, नाहीतर खराब मॅगझिन पुन्हा ढिगात मिसळते आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच जवानाच्या हातात जाते. दारूगोळाही दोषी असू शकतो: काडतुसाची लांबी कमीजास्त, दारू कमी जोराची. पण ते शेवटी तपासायचं.

स्टेनच्या सर्वांत प्रसिद्ध अपयशाचं कारण मात्र कुणालाच ठामपणे सांगता आलेलं नाही. 27 मे 1942 ला प्रागमधल्या एका तीव्र वळणावर चेकोस्लोव्हाक सैनिक योझेफ गाबचीकने नाझी अधिकारी राइनहार्ड हायड्रिखच्या उघड्या मोटारीसमोर उभं राहून स्टेनचा घोडा दाबला आणि गोळी सुटली नाही. कुणी मॅगझिनला दोष देतं, कुणी बंदूक लपवलेल्या पिशवीतल्या गवताला, कुणी सुरक्षा खटक्याला. त्याचा साथीदार यान कुबिशने फेकलेल्या बॉम्बने हायड्रिख जखमी झाला आणि 4 जूनला मेला. त्याचा सूड म्हणून नाझींनी लिदीत्से गाव उद्ध्वस्त केलं. मॅगझिनचा दोष सिद्ध नसताना तो या प्रसंगावर लादणं मला पटत नाही, पण स्टेनबद्दलच्या अविश्वासाशी ही घटना जोडली गेली, हेही खरं.

मॅगझिनमुळे जाणारे काही सेकंद किती मोलाचे असतात हे समजायला आपल्याला प्रागपर्यंत जायची गरज नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये इटलीत लढत होते. 10 जुलै 1944 ला अपर टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटेच मशिनगनवर धावून गेले, हातबॉम्बने गन आणि गनर निकामी केला, एकाला टॉमीगनने टिपलं. मग मॅगझिन बदलायलाही वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीने धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केलं. जिंकलेल्या त्याच मोर्चावर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आलं. वय जेमतेम बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टॉमीगन म्हणजे थॉम्सन, तिची बॉक्स मॅगझिन दोन्ही ओळींतून आळीपाळीने काडतूस देणारी, म्हणजे स्टेनचा रोग तिला नव्हता. तरीही चांगल्यातली चांगली मॅगझिन शेवटी रिकामी होते.

दोन ओळींतून थेट काडतूस देण्याचा हा मार्ग इतरांनाही सुचला. वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये बनलेल्या सुदायेवच्या पीपीएस बंदुकीत 35 काडतुसांची वळणदार मॅगझिन आहे, तिला दोन ओळींची एक ओळ करावी लागत नाही. स्वीडनच्या कार्ल गुस्ताफची 36 काडतुसांची मॅगझिनही तशीच.

ब्रिटनचं उत्तर जॉर्ज पॅचेटने दिलं. युद्ध चालू असतानाच त्याने नवी बंदूक आखली. ती 1953 मध्ये सैन्यात रीतसर दाखल झाली आणि स्टर्लिंग या नावाने ओळखली गेली. 9 मिलिमीटरचं काडतूस बुडाशी जरा जाड आणि पुढे निमुळतं असतं, म्हणून रचलेली काडतुसं आपोआप वळण घेतात. पॅचेटने 34 काडतुसांची मॅगझिनच वळणदार केली. काडतुसांना खालून ढकलणाऱ्या चपट्या पट्टीऐवजी त्याने दोन रूळ बसवले. ते भिंतीला घासत नाहीत, फिरत वर येतात. बोल्टवर तिरक्या धारा कापल्या, त्या माती आणि काजळी खरवडून बाजूला करतात. स्टेनच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीला इथे उत्तर दिसतं. पॅचेटने ही बंदूक घडवताना आधीच्या बंदुका वापरणाऱ्यांचं म्हणणं मनापासून ऐकलं असावं असं तिच्याकडे पाहताना वाटतं.

कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेली या स्टर्लिंगची भारतीय आवृत्ती म्हणजे कार्बाईन. आपल्या सैन्यात आणि पोलिसांत ती अनेक दशकं वापरात राहिली. पॅचेटने आणखी एक सोय ठेवली होती: स्टर्लिंगमध्ये स्टेनची जुनी मॅगझिनही बसते आणि चालते. गोदामांत पडलेल्या जुन्या मॅगझिन वाया जाऊ नयेत, हा हेतू असावा. पण अशी मॅगझिन लावली की रूळ, वळण, काही उपयोगाचं उरत नाही. तेव्हा कार्बाईन अडकली तर आर्मररने आधी मॅगझिन सरळ आहे की वळणदार, एवढं बघून घ्यावं.