वर्गत्रिपदीचे अवयव : अटकळ आणि रीत

६क्ष² + १७क्ष + १२ या त्रिपदीचे अवयव पाडावयास सांगितले म्हणजे विद्यार्थी प्रथम पहिल्या व शेवटच्या सहगुणकांचा गुणाकार करतो. तो ७२ येतो. ज्यांचा गुणाकार ७२ व बेरीज १७ होईल अशा दोन संख्या मग तो शोधू लागतो. त्या ८ व ९ होत. मधल्या पदाची त्याप्रमाणे फोड केली असता

६क्ष² + ८क्ष + ९क्ष + १२
= २क्ष(३क्ष + ४) + ३(३क्ष + ४)
= (३क्ष + ४)(२क्ष + ३)

असे अवयव मिळतात. तथापि येथे दोन प्रश्न उरतात. ही रीत का साधते? आणि हव्या त्या संख्या सापडल्या नाहीत, तर अवयव पडतच नाहीत असे समजावे, की आपलाच शोध अपुरा पडला असे समजावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुणाकारातच दडलेले आहे. (त क्ष + थ) आणि (द क्ष + ध) हे दोन अवयव घेऊन गुणाकार केला असता

तद क्ष² + (तध + थद) क्ष + थध

ही त्रिपदी येते. मधल्या पदाचा सहगुणक तध व थद या दोन भागांचा झालेला आहे. या भागांचा परस्परांशी गुणाकार केल्यास त, थ, द, ध ही चारही अक्षरे एकत्र येतात. आणि पहिल्या व शेवटच्या सहगुणकांच्या, म्हणजे तद व थध यांच्या, गुणाकारातही तीच चार अक्षरे असतात. म्हणून हे दोन्ही गुणाकार सदैव समान असतात. अवयव पाडताना आपण हाच मार्ग उलट दिशेने चालून जातो.

आता दुसरा प्रश्न. २४क्ष² + १०क्ष − २१ ही त्रिपदी घ्या. येथे गुणाकार −५०४ व बेरीज १० हवी. ५०४ च्या विभाजकांच्या जोड्या पुष्कळ असल्यामुळे एकेक तपासून पाहणे कंटाळवाणे होते. परंतु दोन संख्यांची बेरीज व गुणाकार ठाऊक असल्यास त्यांचे अंतरही काढता येते. कारण अंतराचा वर्ग हा बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची चौपट वजा केली असता येतो. येथे १०० + २०१६ = २११६, आणि हा ४६ चा वर्ग आहे. म्हणजे बेरीज १० व अंतर ४६. बेरीज व अंतर यांवरून मूळ संख्या काढण्याच्या कृतीस भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मधील ‘लीलावती’त ‘संक्रमण’ म्हटले आहे : दोहोंची बेरीज करून निम्मी करावी, वजाबाकी करून निम्मी करावी. त्याप्रमाणे २८ व −१८ या संख्या मिळतात आणि

२४क्ष² + २८क्ष − १८क्ष − २१
= ४क्ष(६क्ष + ७) − ३(६क्ष + ७)
= (६क्ष + ७)(४क्ष − ३)

हे अवयव अटकळीवाचून हाती येतात.

याच विचारातून कसोटीही निष्पन्न होते. क्ष² + ५क्ष + ३ या त्रिपदीत अंतराचा वर्ग २५ − १२ = १३ येतो. पूर्णांक सहगुणकांचे अवयव असते, तर तध व थद हे पूर्णांक असते, त्यांचे अंतरही पूर्णांक असते आणि त्याचा वर्ग हा पूर्ण वर्ग असता. १३ हा पूर्ण वर्ग नाही. म्हणून असे अवयव नाहीत. येथे शोध थांबविण्यात विद्यार्थ्याची हार नाही, कारण आता त्याच्यापाशी पुरावा आहे.

वर्गसमीकरणाच्या अभ्यासात ज्या राशीस विवेचक म्हणतात, तीच ही अंतराच्या वर्गाची राशी होय. सूत्र म्हणून पाठ केलेली ही राशी कोठून आली, हे ज्याने एकदा पाहिले, त्याला ती पुन्हा पाठ करावी लागत नाही. १२क्ष² − क्ष − ६ या त्रिपदीवर वाचकाने ही रीत स्वतः करून पाहावी. अंतर १७ आले, म्हणजे वाट बरोबर आहे असे समजावे.