प्रसूतीनंतरची श्रोणिवेदना

प्रसूतीनंतरची श्रोणिवेदना म्हणजे बाळंतपणानंतर ओटीपोट, जांघा, कंबरेचा खालचा भाग, माकडहाड किंवा योनिमार्ग व गुदद्वार यांमधील भाग येथे जाणवणारे दुखणे होय. हा स्वतंत्र रोग नसून अनेक कारणांमुळे उद्भवणारे लक्षण आहे. गर्भाशय पूर्ववत होताना येणाऱ्या स्वाभाविक कळांपासून जिवावर बेतणाऱ्या जंतुसंसर्गापर्यंत कोणतेही कारण त्यामागे असू शकते. म्हणून वेदना नेमकी कोठे आहे, केव्हा सुरू झाली आणि तिच्यासोबत ताप किंवा रक्तस्राव आहे काय, यांवर उपचार ठरतात. महाराष्ट्रात अशी वेदना बाळंतपणाचा अटळ भाग समजून अंगावर काढण्याची प्रवृत्ती आढळते. तिच्यामुळे उपचारांना विलंब होतो.

शारीरिक पार्श्वभूमी

श्रोणी ही दोन नितंबास्थी, त्रिकास्थी आणि माकडहाड यांची बनलेली असते. पुढील बाजूस दोन्ही जघनास्थी एका कूर्चायुक्त सांध्याने जोडलेल्या असतात. या सांध्यातील अंतर सामान्यतः ४ ते ५ मिलिमीटर असते. गर्भारपणात संप्रेरकांमुळे अस्थिबंध सैल होतात व हे अंतर २ ते ३ मिलिमीटरने वाढते. ते १० मिलिमीटरहून अधिक झाल्यास सांधा विलग झाल्याचे मानतात. श्रोणीच्या तळाशी असलेले स्नायू झोळीप्रमाणे मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना आधार देतात. योनिमार्गे प्रसूती होताना हे स्नायू मोठ्या प्रमाणात ताणले जातात.

प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचा वरचा भाग बेंबीच्या पातळीजवळ लागतो. सुमारे दोन आठवड्यांत गर्भाशय श्रोणीत उतरते आणि सहा आठवड्यांत जवळपास मूळ आकाराचे होते.

कारणे

पहिल्या आठवड्यातील कळा : गर्भाशयाच्या आकुंचनामुळे ओटीपोटात कळा येतात. स्तनपानाच्या वेळी ऑक्सिटोसिन स्रवते, त्यामुळे बाळाला पाजताना त्या तीव्र होतात. पहिल्या खेपेपेक्षा पुढील बाळंतपणांत त्या अधिक जाणवतात व काही दिवसांत थांबतात.

फाटणे व टाके : योनिमार्गालगतची त्वचा व स्नायू फाटल्यास त्याच्या चार श्रेणी मानतात. तिसऱ्या व चौथ्या श्रेणीत गुदद्वाराच्या स्नायूंनाही इजा होते. टाक्यांखाली रक्त साठल्यास ठणका झपाट्याने वाढतो व बसणे अशक्य होते.

जंतुसंसर्ग : गर्भाशयाच्या अंतःस्तराचा संसर्ग, टाक्यांत पू होणे आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ही प्रमुख कारणे आहेत. सिझेरियननंतर गर्भाशयाच्या संसर्गाचा धोका अधिक असतो.

सांधे व हाडे : जघनसांध्याचे दुखणे जिना चढताना, कुशीवर वळताना किंवा एका पायावर उभे राहताना वाढते. माकडहाडास मार बसला असल्यास बसताना व उठताना कळ येते.

श्रोणितळाचे स्नायू : हे स्नायू दुर्बल झाल्यास ओटीपोटात जडपणा येतो, खोकताना लघवी सुटते किंवा ‘अंग बाहेर येते’. याउलट काही स्त्रियांत ते सतत आखडलेले राहतात व शरीरसंबंधाच्या वेळी वेदना होतात.

धोक्याची लक्षणे

पुढील लक्षणे दिसल्यास तत्काळ रुग्णालयात जाणे आवश्यक असते :

• ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, थंडी वाजणे
• अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जाणे
• रक्तस्राव अचानक वाढणे किंवा मोठ्या गाठी पडणे
• लघवी न होणे
• टाक्यांजवळ वाढत जाणारी सूज व ठणका
• एका पायाला सूज व वेदना, धाप लागणे, भ्रम होणे

निदान व उपचार

निदानासाठी प्रसूतीचा वृत्तान्त, तापमान व नाडी, पोटाची व टाक्यांची तपासणी पुरेशी माहिती देतात. गरजेनुसार रक्त व लघवीची तपासणी, सोनोग्राफी किंवा क्ष-किरण चित्र काढतात.

साध्या वेदनेवर पॅरासिटामॉल व आयब्युप्रोफेन ही औषधे स्तनपानाच्या काळातही वैद्यकीय सल्ल्याने देता येतात. टाक्यांच्या जागी पहिले दोन-तीन दिवस थंड शेक व नंतर कोमट पाण्यात बसणे उपयुक्त ठरते. संसर्गावर प्रतिजैविके लागतात. केवळ वेदनाशामके घेतल्यास ताप झाकला जातो आणि आजार मात्र वाढत राहतो.

जघनसांध्याच्या दुखण्यात नितंबांभोवती बांधायचा श्रोणिपट्टा, दोन्ही गुडघे एकत्र ठेवून कूस बदलणे आणि भौतिकोपचार यांनी आराम पडतो. पोट आवळून बांधण्याच्या घरगुती रीतीने या सांध्यास असा आधार मिळत नाही. दुर्बल स्नायूंसाठी अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले आकुंचनाचे व्यायाम प्रचलित आहेत. स्नायू आखडलेले असल्यास मात्र प्रथम ते सैल सोडण्यास शिकवावे लागते. अशा वेळी केगेल व्यायामांनी वेदना वाढू शकते. तीन महिन्यांनंतरही दुखणे टिकल्यास पुन्हा तपासणी करणे गरजेचे असते.

महाराष्ट्रातील स्थिती

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेले सर्वेक्षण १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. याच जिल्ह्यातील ३९ गावांत १९९५-९६ मध्ये ७७२ स्त्रियांचा प्रसूतिकाळात पाठपुरावा करण्यात आला. त्यांपैकी सुमारे ४३ टक्के स्त्रियांना प्रसूतीनंतर आजार झाला, तर सुमारे १० टक्के स्त्रियांना जननमार्गाचा संसर्ग झाला.

दुर्लक्षित वेदनेचा दुसरा परिणाम ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये दिसतो. बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रातील साखरपट्ट्यात येणाऱ्या या स्त्रियांमध्ये ओटीपोटातील दुखणे व अंगावरून जाणे अशा तक्रारींवर गर्भाशयच काढण्याचे प्रमाण मोठे असल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. स्नायू किंवा सांध्यांपासून उद्भवणारी वेदना गर्भाशय काढल्याने बरी होत नाही.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून शासकीय रुग्णालयांत प्रसूती, सिझेरियन आणि प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंतचे उपचार विनामूल्य आहेत. रुग्णालयात प्रसूती झालेल्या स्त्रीच्या घरी आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट देते. वेदना सांगण्याची ही ठरलेली संधी असते.

कोल्हापूर

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे मूल त्या चौदा वर्षांच्या असताना जन्मानंतर दहा दिवसांत दगावले. पुढे त्यांनी अमेरिकेतील वैद्यकीय पदवीसाठी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहिला. १८८६ मध्ये कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-कक्षाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवण्यात आली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाल्याने त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. नंतर डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी कोल्हापुरात स्त्रियांवर उपचार केले. हे रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजेच ‘सीपीआर’, या नावाने ओळखले जाते. ते राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे.