द्राक्षावरची लव, कांद्याचा पापुद्रा

वनस्पतीच्या कोवळ्या अवयवांना बाहेरून झाकणाऱ्या पेशींच्या थराला अपित्वचा म्हणतात. बहुतेक वनस्पतींत हा थर एकाच पेशीइतका जाड असतो. लासलगावच्या बाजारातला कांदा चिरून मांसल पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने ओढला, की ती हाती येते. आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर लांबट पेशी विटांसारख्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या दिसतात; मध्ये फट नाही. कांद्याचे वरचे कोरडे टरफल मात्र निव्वळ अपित्वचा नव्हे, ती वाळलेली अख्खी पाकळी असते.

या पेशींत सहसा हरितलवके नसतात, त्यामुळे ऊन त्यांच्यातून आरपार जाऊन आतल्या हिरव्या पेशींना मिळते. त्यांच्या बाहेरच्या भिंतीवर क्यूटिनची उपत्वचा आणि तिच्यावर मेण असते. निफाड-दिंडोरीच्या बागांत द्राक्षमण्यावर दिसणारी पांढुरकी लव म्हणजे हेच मेण. ती पुसली जाऊ नये म्हणून घड देठाला धरून तोडतात. शहरातला ग्राहक मात्र तिला फवारणीचा डाग समजून चोळत बसतो. द्राक्ष धुवावेच, पण त्यावरचा प्रत्येक पांढुरकेपणा औषधाचा नसतो. कांद्याच्या पातीवरही मेण असते. त्यावरून औषधाचे थेंब घरंगळतात, म्हणून शेतकरी फवाऱ्यात ‘स्टिकर’ मिसळतो.

इतकी बंदिस्त भिंत असेल, तर हवा आत येणार कशी? त्यासाठी पर्णरंध्रे असतात. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्यांत पोटॅशियम शिरले की मागोमाग पाणी शिरते, पेशी फुगून बाकदार होतात आणि रंध्र उघडते. पाणी ओसरले की मिटते. द्राक्षाच्या पानावर ही रंध्रे जवळपास सगळी खालच्या बाजूला असतात. डाऊनी रोगाचे बीजाणू पानावरच्या ओलाव्यात पोहत याच दारांतून आत घुसतात, आणि पुढे रोगाची पांढरी बुरशी त्याच दारांतून बाहेर फुटते. म्हणून पानावर वरून पिवळसर तेलकट डाग आणि त्याच्याच खाली कापसासारखी वाढ दिसते. फवारा पानाच्या पाठीवर पोचला नाही, तर तो वाया गेलाच समजावे.

भुरी या द्राक्षावरच्या दुसऱ्या रोगाला दार लागत नाही. तिची बुरशी उपत्वचा भेदून थेट अपित्वचेच्या पेशींत शोषकांगे रोवते आणि बाकीची वाढ बाहेरच ठेवते. कोवळ्या मण्यावर भुरी आली, की सालीच्या पेशी मरतात. आतला गर फुगत राहतो, मेलेली साल मात्र ताणत नाही; मणी तडकतो. अवकाळी पावसात निरोगी मणीही तडकतात, कारण मण्यात पाणी भराभर भरते आणि ताण सोसण्यालाही मर्यादा असते.

मुळांवर अपित्वचेचा कारभार उलटा असतो. तिथे पाणी अडवायचे नसते, ओढायचे असते. म्हणून तिच्या पेशींनाच लांब मूळरोम फुटतात. वेलीचे खोड जुने होऊन जाड झाले, की तिथली अपित्वचा नाहीशी होऊन बुचाची साल येते.

बेदाणा करताना मात्र माणूस मण्यावरचे मेणाचे कवच मुद्दाम दुबळे करतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवले, की मेणाची रचना विस्कटते आणि पाणी झपाट्याने बाहेर पडते. एरवी कित्येक आठवडे रेंगाळणारी द्राक्षे मग पंधरा दिवसांच्या आसपास जाळीवर वाळून बेदाणा होतात.