तारेचा पीळ

मुलांनो, मालवणच्या बाजूस काथ्याला पीळ देऊन सुंभ वळतात, ते बळकटीसाठी. संगणक जोडणाऱ्या केबलीतही आठ तांब्याच्या तारा दोन-दोन करून पिळलेल्या असतात. परंतु कारण निराळे. शेजारच्या विजेच्या तारेचा उपद्रव पिळामुळे जोडीतील दोन्ही तारांना जवळजवळ सारखाच पोहोचतो. पलीकडे दोहोंतील फरक तेवढा वाचला जातो, म्हणून उपद्रव वजा होतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी दूरध्वनीसाठी या युक्तीचे पेटंट १८८१ साली घेतले.

प्लग बसविताना पीळ १३ मिलिमीटरांहून अधिक उकलू नये. रंगांचा क्रम दोन्ही टोकांस एकच असावा. घाईत तो चुकून मी एकच टोक तीनदा कापले आहे! आपल्या खाऱ्या वाऱ्यात उघडे तांबे लवकर हिरवटते. प्लगातील पात्यांवर म्हणूनच सोन्याचा पातळ मुलामा असतो.