शिंगाची लांबी मोजताना टेप कुठून धरायची?

पंढरपुरी आणि मुऱ्हा म्हैस शेजारी उभ्या करा, शिंगांवरूनच जात ओळखू येते. पंढरपुरीची तलवारीसारखी लांब, खांद्याच्याही मागे गेलेली. मुऱ्हाची आखूड, घट्ट पिळाची. म्हणून जातीच्या वर्णनात शिंगाचा आकार, दिशा आणि लांबी असतेच.

पण लांबी म्हणजे कोणती? पहिल्या गावात मी बुंध्यापासून टोकापर्यंत सरळ टेप धरली. पिळाच्या शिंगाला त्या आकड्याचा काय उपयोग? बाहेरच्या वळणावरून मोजायला हवं होतं. दिवसभराची मोजमापं बाद!

खरा घोळ खिलार बैलांत आहे. शिंगात आत हाड, वर केराटिनचं आवरण. बरेच मालक हे आवरण तासून शिंगं निमुळती, चकचकीत करतात. मग तुमच्या वहीत उतरतं ते आनुवंशिक लक्षण, की तासणाऱ्याचा हात? शिवाय वळूची शिंगं सहसा जाड नि आखूड, खच्ची केलेल्या बैलाची लांब; दोघांना एका गटात टाकून सरासरी काढू नका.

तक्त्यात 'तासलेली / न तासलेली' हा रकाना आधीच आखा. आणि टेप काढण्याआधी मालकाला विचारा, "दादा, शिंगं शेवटची कधी तासली?"