नाव, गाव आणि भूक

नवी मुंबईहून हार्बरने सीएसएमटीकडे निघालं की शिवडीनंतर डाव्या हाताला गोदीचा पट्टा सुरू होतो. कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड. डब्यातली माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून असतात, आणि बाहेर बघण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतही नाही. पण याच पट्ट्यात, व्हिक्टोरिया गोदीत, १४ एप्रिल १९४४च्या दुपारी ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि सोबत कापसाच्या गाठी. लढाई ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर चालली होती, आणि मेले ते मुंबईच्या गोदीतले हमाल, बंबवाले, आसपासच्या वस्तीतली माणसं.

त्या काळात सँडहर्स्ट रोडवरच्या ‘राजभुवन’ या इमारतीत कम्युनिस्ट पक्षाचं मुख्यालय होतं. तिथून ‘पीपल्स वॉर’ हे इंग्रजी साप्ताहिक निघायचं, त्याचं मराठी भावंड ‘लोकयुद्ध’ निघायचं. याच मंडळींमध्ये ऐन अठ्ठाविशीतला एक बंगाली चित्रकार होता. त्याने काढलेलं एक छोटं पुस्तक मुंबईत छापलं गेलं. युद्धाचं चित्र कसं काढतात याबद्दलची माझी सगळी समज त्या पुस्तकाने उलटीपालटी केली, म्हणून हा लेख.

आधी हे सांगायला हवं की युद्धाची चित्रं काढणं आपल्याकडे नवं नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात पाचव्या शतकातली एक अख्खी भिंत सिंहल राजाच्या लंकेवरच्या स्वारीने भरलेली आहे. नौकांमध्ये हत्ती-घोडे उभे आहेत, भाले रोखलेत, समोरून राक्षसिणी येताहेत. इतकी गर्दी, इतकी हालचाल, की अंधाऱ्या लेण्यातही कल्लोळ ऐकू येतो. बोरिवलीच्या एकसर गावातले वीरगळ त्यानंतरचे, दगडात कोरलेले. त्यांवर चक्क आरमारी लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं आहेत. वीरगळाची रीत ठरलेली असते. खाली पडलेला वीर, त्यावर लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा. मरण आहे, पण ते पायरीसारखं आहे. खालून वर चढत जातं. आणि लढाईत ज्यांच्या अंगावरून हत्ती गेले, ज्यांची शेतं तुडवली गेली, ते या दगडांवर कुठे नाहीत.

आता १९४३. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी फौजा बंगालच्या किनाऱ्याला लागतील या भीतीने इंग्रज सरकारने किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांतला जास्तीचा तांदूळ उचलला. दहा किंवा जास्त माणसं बसतील अशा होड्या जप्त केल्या, मोडल्या, बुडवल्या. नद्यांच्या त्या प्रदेशात होडी म्हणजे कोळ्याचं जाळं, शेतकऱ्याची बैलगाडी आणि कुंभाराचा बाजार, सगळं एकच. त्यात १६ ऑक्टोबर १९४२ला मेदिनीपूर जिल्ह्यावर चक्रीवादळ आलं, समुद्राची लाट आत घुसली, उभं भातपीक गेलं. सैन्यासाठी होणारी खरेदी, भडकलेले भाव आणि साठेबाजी यांनी उरलेलं काम केलं. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख धरला. नंतरचे अनेक अभ्यासक तो ३० लाखांच्या घरात नेतात. जपानी सैनिकाने मेदिनीपूरमध्ये पाऊलही ठेवलं नव्हतं.

नोव्हेंबर १९४३ मध्ये हा तरुण चित्रकार मेदिनीपूर जिल्ह्यात पायी फिरला. त्याचं नाव चित्तप्रसाद. जन्म १९१५चा, नैहाटीचा. आडनाव भट्टाचार्य, पण ते जातीची खूण म्हणून त्याने टाकून दिलं होतं. सोबत शाई, कुंचला आणि वही. दिसलं ते काढायचं आणि भेटेल त्याच्याशी बोलायचं, एवढाच त्याचा शिरस्ता. त्यातून झालं ते ‘हंग्री बेंगॉल’ हे प्रवासवर्णन, इंग्रजीत लिहिलेलं आणि रेखाटनांनी भरलेलं.

त्या रेखाटनांतली गोष्ट अशी की माणसं निनावी नाहीत. अमुक गावचा, अमुक धंदा करणारा, घरात कोण होतं, कोण गेलं. एक चित्र तर बघवत नाही. प्रेत उघड्यावर पडलंय आणि जनावरं त्याच्यावर तुटून पडली आहेत. दुसऱ्या कुणी या चित्राला ‘दुष्काळ’ किंवा ‘मानवतेचा अंत’ असं काही मोठं नाव दिलं असतं. चित्तप्रसादने खाली त्या माणसाचं नाव लिहिलं, क्षेत्रमोहन नाईक, आणि तेही भूतकाळात, की हे त्याचं नाव होतं. नाव वाचल्यावर पुन्हा वर चित्राकडे बघा. आता ते प्रेत राहत नाही. ज्याला कुणीतरी हाक मारत असेल असा माणूस होतो. स्वतःचं आडनाव सोडून दिलेला हा चित्रकार भुकेने मेलेल्याचं पूर्ण नाव विचारून, जपून, लिहून घेत होता. मला याचं आश्चर्य अजून सरत नाही.

भूक काढणं हेही मुळात सोपं नाही. उपाशी माणसाचं शरीर चित्रकाराला सहज फसवतं. बरगड्या, गळ्याजवळची हाडं, खोल गेलेले डोळे, हे काढलं की बघणाऱ्याला धक्का बसतो आणि काम झालं असं वाटतं. पण खरी उपासमार विचित्र दिसते. मांस झडल्यामुळे गुडघे आणि कोपरं उगाच मोठी वाटतात. प्रथिनांअभावी अंगात पाणी साचून मुलांची पोटं आणि पावलं फुगतात, म्हणजे उपाशी मूल दुरून गुटगुटीत वाटू शकतं. हे डोळ्याने पाहिल्याशिवाय हाताला कळत नाही. त्याच सुमारास कलकत्त्याच्या रस्त्यांवर झैनुल आबेदिन हेच करत होते, तेही वेष्टनाच्या स्वस्त कागदावर, शाईत बुडवून जवळजवळ कोरड्या केलेल्या कुंचल्याने. ती खरखरीत रेघ कातडीसारखीच कोरडी वाटते.

सरकारला या चित्रांची धास्ती वाटली. ‘हंग्री बेंगॉल’च्या सुमारे पाच हजार प्रती जप्त करून नष्ट केल्या गेल्या. चित्तप्रसादच्या घरच्यांनी जपलेली एक प्रत तेवढी वाचली, आणि २०११ मध्ये तिच्यावरून हुबेहूब आवृत्ती निघाली. तोफांची आणि विमानांची चित्रं तेव्हा रोज वर्तमानपत्रांत छापून येत होती, त्यांना कुणी हात लावला नाही. जाळावंसं वाटलं ते हडकलेल्या माणसांचं पुस्तक.

इथे थोडं दूर, स्पेनमध्ये जाऊन येऊ. राजदरबारचा चित्रकार फ्रान्सिस्को गोया याने नेपोलियनच्या फौजांशी चाललेल्या युद्धाच्या काळात, साधारण १८१० ते १८२० दरम्यान, तांब्याच्या पत्र्यांवर ८२ चित्रं कोरली. पत्र्यावर मेणासारखा थर, त्यावर सुईने रेघा, मग आम्लात बुडवलं की उघड्या रेघा खाल्ल्या जातात, अशी ती कला. त्यात कत्तल आहे, झाडाला टांगलेली शरीरं आहेत, आणि एका चित्राखाली हे आपण स्वतः पाहिलं अशी त्याची ग्वाही आहे. पण संचाचा एक अख्खा भाग लढाईचा नाहीच. तो १८११-१२ मध्ये माद्रिदमध्ये पडलेल्या दुष्काळाचा आहे. भिंतीला टेकून बसलेली कुटुंबं, हात पसरणारी बाई, बाजूने निघून जाणारे धडधाकट लोक. गोया १८२८ मध्ये वारला. हा संच छापून लोकांसमोर आला १८६३ मध्ये, ३५ वर्षांनी. माद्रिद आणि मेदिनीपूर यांच्यात सुमारे एकशे तीस वर्षं आणि दोन समुद्र आहेत, तरी दोघांनाही एकच गोष्ट दिसली, की फौजा निघून गेल्यावर किंवा यायच्या आधीच युद्ध स्वयंपाकघरात शिरतं.

मग जर्मनीतली केट कोलवित्झ. तिचा धाकटा मुलगा पीटर १९१४ मध्ये सैन्यात जायला निघाला. वय लहान असल्यामुळे वडिलांची संमती लागत होती, आणि ते तयार नव्हते. आईनेच त्यांचं मन वळवलं. ऑक्टोबर १९१४ मध्ये पीटर बेल्जियममध्ये मारला गेला. हे ओझं तिने पुढे आयुष्यभर वाहिलं. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने ‘युद्ध’ नावाची सात लाकूडठशांची मालिका केली, आणि त्या सातांत बंदूक शोधूनही सापडत नाही. आई-वडील गुडघ्यांवर बसून एकमेकांत इतके मिसळलेत की कुणाचा हात कुणाचा ते कळत नाही, एकच काळा डोंगर झालाय. दुसऱ्या एका ठशात आयांचा घोळका आहे, त्यांनी हातांचं कोंडाळं केलंय आणि त्याच्या फटींतून मुलांचे चेहरे डोकावतात. चिनी लेखक लू शुन यांनी १९३६ मध्ये शांघायमध्ये तिच्या चित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. तरुण चिनी चित्रकार जपानी आक्रमणाविरुद्ध लाकडात कोरायला लागले होते, आणि ते चिनी ठसे पुढे बंगालच्या चित्रकारांच्या नजरेत आले. एका जर्मन आईचं दुःख असा वळसा घेऊन आपल्याकडे पोचलं.

चित्तप्रसादने नंतर लाकडाऐवजी लिनोलियम धरलं. हे जमिनीवर अंथरायचं साधं आच्छादन. जवसाचं तेल आणि बुचाचा भुसा यांचा लगदा तागाच्या कापडावर थापून करतात, आणि त्या काळी जगाचा ताग बहुतेक बंगालमधून जायचा. लिनोचा तुकडा घ्यायचा, त्यावर उलटं चित्र काढायचं, आणि पांढरं हवं तेवढं धारदार, पन्हळीदार पटाशीने खोदून काढायचं. जे उरतं ते काळं. शाई लावून वर कागद ठेवायचा आणि यंत्र नसेल तर चमच्याच्या पाठीने घासायचं. रबर नाही, खाडाखोड नाही. चेहऱ्यावरचा प्रकाश म्हणजे तिथून उपसून टाकलेला लिनो. एका ठशातून पुष्कळ प्रती निघतात, म्हणून ते चित्र पोस्टर होऊन गिरणीच्या फाटकावर लागू शकतं, दिवाणखान्याची वाट बघत बसत नाही. ही निवड मला फार मोठी वाटते. भुकेचं चित्र विकत घ्यायला ज्यांच्याकडे पैसे असतात, त्यांच्यासाठी ते काढलेलंच नव्हतं.

याच वर्तुळात ‘लोकयुद्ध’साठी लिहिणारे अण्णाभाऊ साठे होते, आणि बंगालच्या त्याच दुष्काळावर त्यांनी ‘बंगालची हाक’ रचली. म्हणजे परळ-लालबागच्या चाळींत मेदिनीपूर एकाच वेळी कानांनी आणि डोळ्यांनी पोचत होतं. १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इप्टा या नाट्यसंघटनेचं नगारा वाजवणारं बोधचिन्हही चित्तप्रसादनेच काढलं. पुढे तो मुंबईतच राहिला. फेब्रुवारी १९४६च्या नौसैनिकांच्या उठावावर त्याने चित्रं केली. पक्षाशी बिनसल्यावर अंधेरीतल्या एका खोलीत ओढगस्तीत राहून लिनो कोरत राहिला, आणि लहान मुलांसाठी कळसूत्री बाहुल्यांचे खेळही करत राहिला. १९७८ मध्ये तो वारला.

सँडहर्स्ट रोड स्टेशनापासून मोहम्मद अली रोड अगदी हाकेच्या अंतरावर. १९४७ मध्ये त्या रस्त्यावरच्या आपल्या घराच्या खिडकीतून, पुढे चित्रकार झालेल्या तय्यब मेहता या बावीस वर्षांच्या तरुणाने जमावाने एका माणसाला ठेचून मारताना पाहिलं. त्यानंतर तापाने तो कितीतरी दिवस अंथरुणावर होता. फाळणीला युद्ध म्हणत नाहीत, पण तिच्यात माणसं युद्धासारखीच मेली. तय्यबने चित्तप्रसादच्या नेमकं उलट केलं. त्याने रस्ता काढून टाकला, जमाव काढून टाकला, रक्त काढून टाकलं, नाव तर नाहीच. सपाट, शांत रंगाच्या पटावर उरली ती खाली कोसळणारी एक आकृती, हातपाय वेडेवाकडे, तोंड उघडं. ते कोसळणं त्याने पुढे कितीतरी चित्रांत काढलं. कधी माणूस, कधी मुसक्या बांधलेला बैल. १९६९पासून कॅनव्हासला तिरकी चिरणारी रेघ आली, आणि शरीर त्या रेघेवर दुभंगलं. ते कधी जमिनीला टेकत नाही. मारलं जाण्याचा क्षण संपतच नाही, आणि मला वाटतं त्या खिडकीतून बघणाऱ्या तरुणासाठी तो संपलाच नव्हता.

या दोन रीतींपैकी मन माझं चित्तप्रसादकडे झुकतं, कारण त्याच्या चित्रातला माणूस मला परत भेटू शकतो, निदान नावाने. तय्यबचं चित्र मात्र झोपेत येतं.

आज आपण दोघांहून वेगळ्या जागी बसलो आहोत. युक्रेन आणि गाझा आपल्या हातातल्या फोनवर येतात, सीवूड्सच्या फलाटावर, लोकलची वाट बघताना. ट्रान्स हार्बर मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, ठाण्यात, चित्रकार सुधीर पटवर्धन आहेत. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, ठाण्यात तीस वर्षं क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलं आणि सोबत या महानगरातली कामकरी माणसं रंगवत राहिले. १९९६ मध्ये त्यांनी ‘रायट’ हे चित्र केलं. अलीकडच्या ‘सिटीज : बिल्ट, ब्रोकन’ या प्रदर्शनात उभी राहणारी आणि उद्ध्वस्त झालेली शहरं शेजारी शेजारी आली, आणि त्यात ‘वॉर झोन स्टुडिओ’ नावाचं चित्र होतं. चित्तप्रसादला नाव विचारता आलं, कारण माणसं समोर होती. पडद्यावरच्या माणसाला नाव विचारता येत नाही. पटवर्धनांनी युद्धभूमीवर असल्याचा आव आणलेला नाही. त्यांनी आपली रंगांची खोलीच त्या प्रश्नात ओढली आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडल्यावरही ते तिथे काम करताहेत.