विषारी वायूंची ओळख आणि सच्छिद्र प्रतिदीप्त पदार्थ

१ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेतील नेतिवली भागात एका विहिरीतील विषारी वायूने पाच जणांचा बळी घेतला. त्यांपैकी दोघे अग्निशमन दलाचे जवान होते. इतरांना वाचविण्यासाठीच ते खाली उतरले होते. ठाण्यातील खोपटपासून कल्याणपर्यंतच्या दाट वस्तीत विहिरी, मैलाटाक्या व बंदिस्त गटारे पुष्कळ आहेत. सांडपाणी कुजून अशा ठिकाणी जे वायू साचतात, त्यांत हायड्रोजन सल्फाइड हा विशेष घातक होय. त्याची दुर्गंधी प्रथम जाणवते खरी. परंतु हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे प्रमाण सुमारे १०० भागांवर गेले की घ्राणेंद्रिय बधिर होते. म्हणजे धोका वाढला की नेमका इशारा बंद पडतो. नाकाची ही उणीव रसायनशास्त्र कशी भरून काढू शकेल, याचा येथे विचार करावयाचा आहे.

धातूचे आयन व सेंद्रिय रेणू यांच्या जोडणीतून जी सच्छिद्र स्फटिकरूप रचना सिद्ध होते, तिला धातु-सेंद्रिय जालक म्हणतात. या क्षेत्रातील पायाभूत कार्याबद्दल कितागावा, रॉबसन व याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. काही जालके जंबुपार किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात, हीच प्रतिदीप्ती. छिद्रांत परका रेणू शिरला की हा प्रकाश बदलतो, आणि त्या बदलावरून पाहुण्याची ओळख पटते.

पुणे येथील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत प्रा. सुजित घोष व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दिशेने महत्त्वाचे काम केले आहे. २०१३ मध्ये त्यांनी कॅडमियमयुक्त जालकाच्या साहाय्याने पिक्रिक आम्ल ओळखून दाखविले. या स्फोटक द्रव्यातील नायट्रो गट जालकातील उत्तेजित इलेक्ट्रॉन ओढून घेतात. साहजिकच प्रकाश मंदावतो. परंतु प्रकाश इतर कारणांनीही मंदावू शकतो. दिवा विझला, एवढ्यावरून विष आले असे निश्चित म्हणता येत नाही.

म्हणून २०१४ मधील त्यांचा दुसरा प्रयोग अधिक उद्बोधक ठरतो. त्यात झिर्कोनियमच्या 'यूआयओ-६६' या दणकट जालकावर अझाइड गट बसविला होता. हा गट असेपर्यंत प्रतिदीप्ती क्षीण राहते. हायड्रोजन सल्फाइड त्याचे क्षपण करून अमिनो गट बनवितो आणि जालक उजळते. येथे विषच दिवा लावते. त्यामुळे संदेशाची विश्वसनीयता वाढते.

तथापि, या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानी घेतल्या पाहिजेत. हे क्षपण सहजासहजी उलटत नाही. सबब एकदा उजळलेले जालक पुन्हा वापरता येत नाही. शिवाय तो प्रयोग जलीय द्रावणात व सजीव पेशींत झाला होता. विहिरीतील दमट, मिश्र वायूंच्या हवेत नव्हे. तीच पूड पट्टीवर बसवून दोरीने खाली सोडता यावी आणि माणूस उतरण्यापूर्वी तिने क्षणार्धात उत्तर द्यावे, यासाठी द्रावणातील निवडकपणा हवेतही टिकला पाहिजे. पदव्युत्तर अभ्यासकांनी हाती घ्यावा असा हा प्रश्न आहे.